सर्व्हर आपोआप रिबूट होतोय? पार्ट नंतर घ्या, आधी वही काढा



मागच्या व्हिडिओत आपण टॅलीचा बॅकअप कसा घ्यायचा ते पाहिलं. त्यानंतर मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा: "ताई, सर्व्हर मध्येच बंद होऊन आपोआप चालू होऊन राहिला. काय बदलू?"

या प्रश्नातला "काय बदलू" हा भाग मला खटकतो. माझं स्वतःचं दुकान कॉम्प्युटर विक्री आणि दुरुस्तीचं आहे. तुम्ही एसएमपीएस बदलला, रॅम बदलली, नवीन मशीन घेतली, तर माझ्यासारख्यांचा फायदाच आहे. तरीही सांगते: आपल्याकडच्या छोट्या दुकानांत सर्व्हर रिबूट होण्यावर जो पैसा जातो, त्यातला मोठा भाग दुरुस्तीवर जातच नाही, अंदाजावर जातो. आणि तो अंदाज तुम्ही करायचा नसतो, टेक्निशियननेही करायचा नसतो. नोंद ठेवायची असते.

आजचा लेख थोडा लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी नुकसान मोजा

सर्व्हर म्हणजे इथे मोठी डेटा सेंटरवाली मशीन समजू नका. इतवारीतल्या होलसेलवाल्याच्या माळ्यावर ठेवलेली, टॅलीचा डेटा असलेली आणि चार काउंटर जिला जोडलेले आहेत अशी कोणतीही मशीन म्हणजे त्या दुकानाचा सर्व्हर.

बीबीएला असताना कॉस्टिंगच्या पेपरात आम्ही मशीन बंद राहण्याचा खर्च काढायचो. दुकानात तो कोणी काढत नाही. आपण काढू. एकदा रिबूट झाला की विंडोज सुरू होणार, टॅली उघडणार, कोणतं बिल सेव्ह झालं आणि कोणतं नाही ते तपासणार. धरा २० मिनिटं. चार माणसं रिकामी, म्हणजे ८० मिनिटं. आठवड्यातून तीनदा असं झालं, तर चार तास पगार देऊन गेले. काउंटरवरून परत गेलेलं गिऱ्हाईक यात धरलेलंच नाही.

त्याहून मोठा धोका डेटाचा. एंट्री लिहिली जात असताना वीज गेली, तर फाइल अर्धवट राहू शकते. हे महिन्याच्या १० तारखेला झालं, आणि ११ ला जीएसटीआर-१ भरायचा असला, तर काय होतं ते तुमच्या सीएला विचारा.

म्हणून पहिला नियम, बाकी सगळ्याच्या आधी: बॅकअप. तोही त्याच मशीनच्या डी ड्राइव्हवर नाही. एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर, एक दुकानाच्या बाहेर. टॅलीचं डेटा रिपेअर चालवायचं असेल, तरी आधी कॉपी घ्या. त्याशिवाय कोणालाही मशीन खोलू देऊ नका.

रिबूट म्हणजे ताप

ताप आला की डॉक्टर "कधीपासून, किती वाजता चढतो, थंडी वाजते का" असं विचारतो. ताप मलेरियाचाही असतो, टायफॉइडचाही. सर्व्हरचं रिबूट होणं अगदी तसंच. वीज, यूपीएस, उष्णता, रॅम, डिस्क, ड्रायव्हर, विंडोज अपडेट, सैल झालेला प्लग, यांपैकी काहीही कारण असू शकतं. बाहेरून सगळ्यांचं रूप एकच: स्क्रीन काळी, मग विंडोजचा लोगो.

त्यामुळे एक साधी शंभर पानी वही घ्या, सर्व्हरशेजारी दोरीने बांधून ठेवा. पाच रकाने आखा:

१. तारीख आणि नेमकी वेळ.
२. मशीन पुन्हा चालू झाली, की बंदच राहिली, की निळी स्क्रीन दिसली.
३. त्या क्षणी दुकानात काय सुरू झालं किंवा बंद झालं: प्रिंटर, शटर, कूलर, एसी, पाण्याचा पंप.
४. दिवे मिणमिणले का, यूपीएसने आवाज केला का.
५. खोलीचं तापमान. भिंतीवर टांगायचं साधं थर्मामीटर चालतं.

काउंटरवरच्या पोरालाही हे भरता आलं पाहिजे. त्याला आधीच सांगून ठेवा, की नोंद केल्याबद्दल कोणी रागावणार नाही. नाहीतर "तूच काहीतरी दाबलं असशील" या भीतीने तो लिहिणारच नाही, आणि तुमचा सगळ्यात चांगला साक्षीदार गप्प बसेल.

वहीचा उपयोग कसा होतो ते सांगते. आमच्याकडे आलेल्या एका किराणा होलसेलवाल्यांनी एसएमपीएस आणि रॅम, दोन्ही आधीच बदलून झालं होतं. रिबूट सुरूच होता. वहीत नऊ नोंदी झाल्यावर दिसलं, की त्यातल्या सात वेळा कोणीतरी नुकतीच लेझर प्रिंटरवर प्रिंट दिली होती. लेझर प्रिंटर आतला रोलर तापवताना एकदम मोठा करंट ओढतो. तो प्रिंटर सर्व्हरच्याच छोट्या यूपीएसवर लावलेला. यूपीएसला भार झेपत नव्हता, आउटपुट तुटायचं, सर्व्हर पडायचा. प्रिंटरचा प्लग काढून भिंतीच्या बोर्डवर लावला. खर्च शून्य रुपये.

विंडोजही वही लिहितं, ती वाचा

तुमच्या वहीची जोड विंडोजच्या वहीला द्या. स्टार्टमध्ये "इव्हेंट व्ह्यूअर" शोधा, त्यात विंडोज लॉग्ज, मग सिस्टम. तिथे चार नोंदी ओळखता आल्या तरी पुष्कळ झालं.

१०७४ : कोणीतरी सांगून रीस्टार्ट केलं. कोणत्या प्रोग्रामने किंवा कोणत्या युजरने, ते तिथेच लिहिलेलं असतं. विंडोज अपडेटचं नाव दिसलं, तर मशीनला काही झालेलं नाही. अपडेटची वेळ दुकान बंद झाल्यानंतरची ठेवा, प्रश्न संपला.

६००८ : मागच्या वेळी मशीन अचानक बंद झाली. कधी, तेही यात येतं. ही वेळ तुमच्या वहीशी जुळवा.

४१, कर्नल-पॉवर : सगळ्यात जास्त गैरसमज याच नोंदीने होतो. नावात पॉवर आहे, म्हणून लोक थेट एसएमपीएस बदलतात. या नोंदीचा अर्थ एवढाच, की मशीन नीट शटडाउन न होता पुन्हा सुरू झाली. कारण ती सांगत नाही. तिच्या डिटेल्समध्ये बगचेक कोड बघा. तो शून्य नसेल, तर विंडोज क्रॅश झालं होतं, म्हणजे शोध ड्रायव्हर आणि रॅमच्या दिशेने. शून्य असेल, तर वीज तुटली असेल, मशीन गोठली असेल किंवा कोणी बटण दाबलं असेल.

व्हीआ-लॉगर : प्रोसेसर, मेमरी किंवा बोर्डाकडून हार्डवेअरची तक्रार आली आहे. आता टेक्निशियनला बोलवा, आणि या नोंदीचा फोटो आधीच पाठवा.

आणखी एक सेटिंग. सिस्टम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, त्यात स्टार्टअप अँड रिकव्हरी. तिथे "ऑटोमॅटिकली रीस्टार्ट" वरची खूण काढा. म्हणजे निळी स्क्रीन आली तर ती तिथेच थांबेल आणि तुम्हाला फोटो काढता येईल. फक्त लक्षात ठेवा, मग मशीन स्वतःहून उठणार नाही. शोध संपला की खूण परत लावा.

खरोखरचा ब्रँडेड सर्व्हर असेल, तर त्याची तिसरी वहीही असते. एचपीईला आयएलओ, डेलला आयड्रॅक. विंडोज बंद असतानाही तिथे पंखा, तापमान, पॉवर सप्लाय यांच्या नोंदी होतात. अनेक दुकानदारांनी हे पैसे देऊन घेतलेलं असतं आणि एकदाही उघडलेलं नसतं.

आता आपल्या नागपूरचं बोलू

पुण्या-बंगलोरच्या व्हिडिओत "रूम टेंपरेचर" म्हणतात, तेव्हा त्यांची रूम वेगळी असते. बऱ्याच सर्व्हरच्या कागदावर चालवायचं तापमान १० ते ३५ अंश असं दिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ सहज होतं, आणि टिनाखालच्या माळ्यावर दुपारी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. प्रोसेसर तापला की आधी वेग कमी करतो, आणि तरीही तापतच राहिला, तर स्वतःला वाचवायला मशीन बंद करतो. म्हणून "दुपारी १ ते ४ मध्येच होतं" अशी वहीत रांग दिसली, तर पहिला संशय उष्णतेवर. "आधी स्लो होतो, मग बंद पडतो" असं दिसलं, तर संशय आणखी पक्का.

मग आपण काय करतो? कूलर आणून त्याचं तोंड सर्व्हरकडे करतो. राजेहो, हे करू नका. कूलर खोली थंड करतो हे खरं, मे महिन्यातल्या कोरड्या हवेत तर छानच करतो. पण सरळ अंगावर सोडला, तर ओलावा, पाण्यातले क्षार आणि वाळ्याचा भुसा आत जातो. तिथे आधीच बसलेली धूळ ओली होते आणि हीटसिंकवर चिखलासारखी चिकटते. कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, हवा बाहेर जायला खिडकी उघडी ठेवा, सर्व्हर जमिनीपासून हातभर वर आणि भिंतीपासून वीतभर पुढे. होळीच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या सफाईत एकदा ब्लोअरने धूळ काढा. शक्य असेल तर सर्व्हर माळ्यावरून खालीच आणा.

तापमान मोजा, पण मोजणारं यंत्रही तपासा. ३० मे २०२४ आठवतं का? नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने सांगितलं, की सेन्सर बिघडला होता. कॉम्प्युटरमधल्या सेन्सरचंही तसंच. सॉफ्टवेअर ११० अंश दाखवतं आणि हीटसिंक हाताला कोमट लागतो, तेव्हा घाई करू नका. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघा, बायोसमध्ये बघा. एका आकड्यावर मदरबोर्ड बदलायचा नसतो.

वीज, यूपीएस आणि अर्थिंग

कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय वीज गेल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरू शकतो, तोही चांगला असेल तर. यूपीएसने त्याच्या आत काम हातात घ्यायचं असतं. घरगुती इन्व्हर्टर "साध्या" मोडवर असेल, तर त्याला जास्त वेळ लागतो. दिव्या-पंख्याला ते कळत नाही, सर्व्हरला कळतं. इन्व्हर्टरवरच चालवायचं असेल, तर निदान यूपीएस मोडवर ठेवा.

यूपीएसची बॅटरी ही आपल्याकडची दुसरी मोठी शंका. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी २५ अंशांच्या हिशोबाने बनवलेली असते. त्याच्या वर दर ८-१० अंशांना तिचं आयुष्य जवळपास अर्धं होतं. म्हणून कागदावरची चार-पाच वर्षं माळ्यावर दोनही टिकत नाहीत. बॅटरी मेली तरी यूपीएसवरचा हिरवा दिवा लागलेलाच असतो, आणि आपण निश्चिंत असतो. काही स्मार्ट यूपीएस ठरावीक दिवसांनी, उदाहरणार्थ दर १४ दिवसांनी, स्वतःची चाचणी घेतात. बॅटरी मेलेली असेल, तर त्या चाचणीतच सर्व्हर पडतो. वहीत बरोबर दोन-दोन आठवड्यांचं अंतर दिसलं, तर यूपीएसची ही सेटिंग बघा. वही नसेल, तर हे कारण कोणाच्या बापालाही सापडत नाही.

चाचणी कशी घ्यायची? दुकान बंद झाल्यावर सर्व्हर नीट शटडाउन करा. यूपीएसला एक साधा टेबल लॅम्प लावा आणि भिंतीचा प्लग काढा. लॅम्प विझला, तर उत्तर मिळालं. लॅम्प टिकला तरी सर्व्हरचा भार त्याहून जास्त आहे हे विसरू नका.

अर्थिंगबद्दल एकच सांगते. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज दोन-तीन व्होल्टच्या वर दिसत असेल, तर लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनला दाखवा. हे मोजायचं काम त्यालाच द्या, बोर्डात स्वतः स्क्रू ड्रायव्हर घालू नका. जुन्या इमारतीत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्याला पाणी लागतं, हे आपल्या आजोबांना माहीत होतं. आपण टाइल लावून तो खड्डाच बुजवला.

सगळं विजेचंच नसतं

इतकं वाचल्यावर प्रत्येक रिबूटचा दोष विजेला द्यायचा मोह होईल. म्हणून १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातल्या सुमारे ८५ लाख विंडोज मशीन पाडल्या. निळी स्क्रीन, रिबूट, परत निळी स्क्रीन. आपल्या देशात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. वीज ठीक, रॅम ठीक, यूपीएस ठीक, चूक एका फाइलची. त्या दिवशी पार्ट बदलणाऱ्याला काय मिळालं असतं?

म्हणून वहीच्या मागच्या पानावर दुसरी यादी ठेवा: मशीनमध्ये कधी काय नवीन टाकलं. नवीन अँटिव्हायरस, प्रिंटरचा ड्रायव्हर, बारकोडचं सॉफ्टवेअर, जास्तीची रॅम. रिबूट सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात काय बदललं, हा प्रश्न निम्मा शोध वाचवतो. रॅमचा संशय असेल, तर मेमरी टेस्ट रात्रभर चालू द्या. पाच मिनिटांच्या टेस्टला काही अर्थ नाही.

एका वेळी एकच बदल

टेक्निशियन येतो, रॅम साफ करतो, एसएमपीएस बदलतो, विंडोज फॉरमॅट मारतो आणि वर यूपीएसही बदलतो. रिबूट थांबतो. कशामुळे थांबला? कोणालाच माहीत नाही. पुढच्या वर्षी परत झालं, की परत चारही गोष्टी. आणि फॉरमॅटने तर विंडोजची सगळी वही पुसली गेली, म्हणजे पुरावाच गेला. फॉरमॅट हा शेवटचा उपाय. पहिला उपाय म्हणून जो सांगतो, त्याला थांबवा.

बदल एक करा, मग वाट पाहा. किती? रिबूटचं जे सरासरी अंतर असेल, त्याच्या निदान तिप्पट. दर तीन दिवसांनी होत असेल, तर नऊ-दहा दिवस शांत गेल्याशिवाय "झालं बरं" म्हणू नका. दोन दिवस नीट चालला म्हणून पेढे वाटणारे तिसऱ्या दिवशी फोन करतात.

बघण्याचे पैसे द्यायला शिका

आता माझं खरं म्हणणं. हे सगळं टेक्निशियनला माहीत नसतं का? अनेकांना असतं. मग तो पार्टच का बदलतो? कारण आपण त्याला पैसे पार्टचेच देतो. दोन तास बसून लॉग वाचले, प्रिंटरचा प्लग बदलला आणि ५०० रुपये मागितले, तर आपण म्हणतो, "प्लग तर बदलला भाऊ, त्याचे कायचे पाचशे?" तोच तीन हजारांचा पार्ट लावून गेला, तर आपण काही न बोलता देतो. वस्तू हातात दिसते ना! म्हणजे अंदाजाने पार्ट बदलायची सवय आपणच लावली आहे.

तुम्ही म्हणाल, "ताई, तुमचं दुकान आहे म्हणून तुम्ही तपासणीची फी मागून राहिल्या." मान्य, माझा त्यात स्वार्थ आहे. पण हिशोब तुम्हीच करा. आणि माझ्याकडेच या असंही म्हणत नाही. तुमच्या नेहमीच्या माणसाला सांगा, की कारण शोधून पुराव्यासह दाखवलंस, तर त्याचे वेगळे पैसे देईन, पार्ट लागो न लागो. त्याच्या कामाची पद्धत बदलते की नाही ते बघा.

दुसरा आक्षेप: "एवढं डोकं कोण लावेल, नवीनच घेऊन टाकू." मशीन सात-आठ वर्षांची असेल, बोर्डावरचे कपॅसिटर फुगले असतील, पार्ट मिळत नसतील, तर खरंच नवीन घ्या. पण त्याच माळ्यावर, त्याच बोर्डवर, त्याच मेलेल्या यूपीएसवर लावणार असाल, तर नवीन मशीनही पडेल. फक्त यावेळी वॉरंटीत पडेल.

तिसरा: "क्लाउडवर टाकू." चांगला पर्याय आहे, त्यावर वेगळा व्हिडिओ करेन. पण क्लाउड उघडायला काउंटरवर कॉम्प्युटर लागतो, राउटर लागतो. तेही तुमच्याच विजेवर आणि तुमच्याच उन्हाळ्यात चालतात.

या आठवड्याचं काम

आज बॅकअप घ्या आणि दुसऱ्या मशीनवर तो उघडतो का ते बघा. उद्या वही बांधा आणि यूपीएसवर नेमकं काय काय लावलंय ते मोजा. लेझर प्रिंटर असेल तर काढा. रविवारी टेबल लॅम्पची चाचणी करा. आणि पुढच्या वेळी सर्व्हर पडला, की फोन लावायच्या आधी घड्याळ बघून वेळ लिहा. दहा नोंदी झाल्या की वही घेऊन तुमच्या टेक्निशियनकडे जा. त्याने ती न वाचताच पार्टचा भाव सांगितला, तर टेक्निशियन बदला.

इव्हेंट व्ह्यूअर कसा उघडायचा आणि बगचेक कोड कुठे दिसतो, हे या लेखासोबतच्या व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलं आहे. पुढच्या भागात यूपीएस घेताना व्हीएच्या आकड्याने आपण कसे फसतो ते पाहू. भेटूया!